घडी घातली की बीप, उघडली की गप्प

पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी दोन फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकली उचलल्या, दोन्ही मिळून साडेपाच हजार, विकणारा म्हणे मोटर गेलीय, पार्टला घ्या. घरी बघतो तर पहिलीचा डिस्प्ले लागतोय, बॅटरी ३८ व्होल्ट (३६ ची फुल चार्जला ४२ दाखवते), पण थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) पिळला तरी ढिम्म. आधी दुसरीचा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) काढून लावला, अर्धा दिवस वाया, फरक शून्य. मग मीटर घेऊन बसलो तर थ्रॉटलपाशी सिग्नल १ ते ३.५ व्होल्ट मस्त चढतोय आणि कंट्रोलरपाशी काहीच नाही! वायर मध्येच घडीच्या बिजागरीतून जाते, तिथे मीटर लावला तर घडी घातली की बीप (तार जोडलेली), उघडली की गप्प; वरचं रबर अख्खं पण आतली तार तुटलेली. तेवढा भाग कापून मऊ सिलिकॉन वायर सोल्डर केली, घडीला ताण बसू नये म्हणून थोडी सैल ठेवली, श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवली, गाडी पळाली. मोटर ठणठणीत होती हो!

दुसरीची बॅटरी मात्र १९ व्होल्टवर, म्हणजे दहा सेलच्या सिरीजमध्ये प्रत्येकी २ पण नाही. इतकी खाली गेलेली बॅटरी घरात चार्जिंगला लावायची नाही, पेटू शकते. ई-कचऱ्यात दिली. तिचे ब्रेक आणि टायर पहिलीला लागले, फ्रेम अजून गॅलरीत पडलीय, बायको रोज विचारते.