परदेशी देणगी स्वीकारण्याआधी नावं कशी तपासायची

परदेशातून देणगीचं पत्र आलं की होकार कळवण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एकत्रित निर्बंध यादी, म्हणजे परिषदेने आर्थिक बंदी घातलेल्या व्यक्ती आणि संस्थांची यादी, उघडा. ती मोफत आहे. सगळ्या सदस्य देशांना ती पाळावी लागते, म्हणून देणगीदार कुठल्याही देशातला असो, सुरुवात इथूनच करा.

नुसतं संस्थेचं नाव टाकून 'सापडलं नाही' म्हणू नका. उदाहरणार्थ, यादीतली 'क्यूडीई.११८' (QDe.118) ही नोंद वाचा. मथळा लष्कर-ए-तय्यबाचा, नोंद २००५ ची. खाली 'उर्फ'मध्ये जमात-उद-दावा (२६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये जोडलेलं) आणि फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन (मार्च २०१२), म्हणजे चक्क 'मानवकल्याण संस्था'. पाटी बदलते, माणसं तीच राहतात. म्हणून उर्फ नावं वाचल्याशिवाय तपासणी झाली असं धरू नका.

रोमन लिपीत एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगं होतात. पूर्ण नावाऐवजी त्याचा तुकडा शोधा. संस्था, तिचे पदाधिकारी आणि ज्याच्या खात्यातून पैसे निघणार तो खातेदार, तिघंही तपासा. हा तिसरा हमखास राहून जातो.

नाव जुळलं म्हणून लगेच घाबरू नका. जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक ताडून पाहा. फक्त नावच सारखं असेल तर तसं लिहून ठेवा आणि पुढे चला. नुसत्या नावावरून किंवा धर्मावरून कुणाला अडवणं अन्यायाचं आहे आणि नियमातही बसत नाही. एफएटीएफ या दहशतवादाला पैसा पुरवणं रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारलेली, सेवाभावी संस्थांबद्दलची शिफारस ८ हेच सांगते: उपाय जोखमीच्या प्रमाणात हवेत, प्रामाणिक सेवाकार्य त्यांनी अडता कामा नये.

सगळे तपशील जुळले तर पैसे खर्चू नका आणि परतही पाठवू नका. परत पाठवणं म्हणजे त्याच हातात पैसा देणं. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, देणगीदाराला सुगावा लागू देऊ नका.

भारतात एफसीआरएची (परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची) रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तेव्हा 'त्यांच्यामार्फत वाटू' असं देणगीदाराला कबूल करू नका.

शोधाच्या पानाची तारखेसह प्रिंट काढून पावतीच्या फाइलला लावा. यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे दुसरा हप्ता आला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा.