कॅज्युअल्टीत ताटकळणारे रुग्ण: या चुका टाळा

आल्याआल्या गांभीर्यानुसार लाल, पिवळा, हिरवा रंग ठरला की रुग्ण 'बघून झाला' असं धरणं, ही सगळ्यात मोठी चूक. तो रंग त्या घटकेपुरता असतो. कॅनडाच्या ट्राएज पद्धतीत (म्हणजे गांभीर्यानुसार रुग्णांचा क्रम लावण्याच्या) थांबलेल्याला पुन्हा कधी तपासायचं तेही ठरलेलं आहे: पहिली पातळी सगळ्यात गंभीर; दुसऱ्या पातळीला १५ मिनिटांनी, तिसऱ्या पातळीला अर्ध्या तासाने, चौथ्या पातळीला तासाने, पाचव्या पातळीला दोन तासांनी. आपल्याकडे गर्दी जास्त आणि हात कमी, हे मान्य. म्हणून तर केसपेपरवर 'पुन्हा ४.२०' अशी वेळ ठळक लिहा आणि ते कोण बघणार, त्याचं नावही. 'जरा वेळाने बघू' हे कुणाच्याच वाट्याचं काम नसतं.

श्वास न मोजता लिहू नका. ओळीने दहा केसपेपरवर श्वास १८ असेल, तर तो कुणी मोजलेलाच नाही. तब्येत ढासळायला लागली की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो. तब्येत किती बिघडली ते गुणांत मोजणाऱ्या ब्रिटनच्या न्यूज-२ पद्धतीत मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असले की एवढ्यावरच ३ गुण होतात आणि डॉक्टरांना कळवावं लागतं. नाडी बघतोय असं दाखवत रुग्णाचा हात त्याच्याच छातीवर ठेवा आणि घड्याळ बघत पूर्ण मिनिट मोजा. सांगून मोजलं तर माणूस नकळत श्वास बदलतो. ऑक्सिमीटर ९७ दाखवत असला तरी मोजायचंच.

बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लहान मुलं आणि धडधाकट तरुण रक्तस्राव होत असतानाही बराच वेळ बीपी टिकवतात. हात गार पडणं, नाडी पळणं आधी दिसतं. उलट बीटा ब्लॉकर (नाडी संथ ठेवणारं औषध) घेणाऱ्या आजींची नाडी वाढणारही नाही. गोळ्यांची पिशवी मागून घ्या.

'झोपलाय, झोपू दे' हे तर नकोच. २००८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत ब्रायन सिंक्लेअर हा ४५ वर्षांचा आदिवासी समाजातला माणूस व्हीलचेअरवर ३४ तास थांबला आणि तिथेच गेला. लघवीची नळी तुंबून झालेला जंतुसंसर्ग, उपचार होण्यासारखा. पण तो दारू उतरायची वाट बघत असेल, असा काहींचा समज झाला. हाक मारा, खांदा हलवा, नाव विचारा. दारूचा वास येणाऱ्याला तर आधी, आणि शुगर तपासाच.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो. सूज नाही, दंशाची खूण दिसत नाही. ॲसिडिटी समजून त्याला बाकावर बसवतात. मण्यार चावलेली असू शकते. थोड्या थोड्या वेळाने वर बघायला लावा, गिळता येतंय का विचारा. पापण्या जड दिसल्या की थांबू नका, लगेच आत घ्या. पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात.

नातेवाइकांना नुसतं 'बसा' म्हणू नका. धाप, घाम, बरळणं, नवीन दुखणं, यातलं काही दिसलं तर रांग सोडून थेट सिस्टरकडे या, असं स्पष्ट सांगा. ड्यूटी बदलताना हँडओव्हर खाटांपाशी संपवू नका. बाकांपर्यंत जा आणि प्रत्येकाशी बोला.