गुडघे सांभाळून जेनोआ

इटलीतल्या या बंदरात उतरलेले बहुतेक जण तडक धक्क्याकडे निघतात. तुम्ही आधी वर जा. चढून नव्हे, लिफ्टने. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर कोंबलंय, त्यामुळे इथे लिफ्ट म्हणजे बससारखीच रोजची सोय. पियाझा पोर्तेल्लोपाशी बोगद्यातून आत गेलं की कास्तेल्लेत्तोची लिफ्ट लागते. वर कठड्याशी उभं राहून दोन खुणा लक्षात ठेवा: सान लोरेन्झो कॅथेड्रलचा मनोरा आणि 'लान्तेर्ना', म्हणजे १५४३ सालचं, ७७ मीटर उंच दीपगृह.

परतताना लिफ्टच घ्या. पहिल्या दिवशी मी हौसेने पायऱ्या उतरले. गुडघ्यांना चढापेक्षा उतार महाग पडतो, हे रात्री बाम चोळताना कळलं.

खाली आलात की शेजारीच व्हिया गारिबाल्दी. रस्ता छोटा, पण दोन्ही बाजूंना धनिकांचे वाडेच वाडे. त्यातल्या पालाझ्झो तुर्सीत विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे, ग्वारनेरीने १७४३ साली बनवलेलं. आवाज दणदणीत म्हणून त्याचं नाव 'तोफ'!

आता गल्ल्या. इथे त्यांना 'कारूज्जी' म्हणतात. काही इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. मोबाइलचा नकाशा इथे गोंधळतो. त्यावर विसंबू नका. वाट चुकली तर उताराच्या दिशेने चालत राहा, बंदर येतंच. पत्ता शोधताना मात्र रंग बघा. दुकानांचे नंबर लाल, घरांचे काळे, आणि दोन्हींची मोजणी वेगळी. मी खानावळ समजून एका घराची बेल वाजवली होती. आजीबाईंनी दार उघडलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि न बोलता रस्त्याच्या पार खालच्या टोकाकडे बोट दाखवलं.

सान लोरेन्झोत उजव्या बाजूला तोफगोळा दिसेल. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराच्या माऱ्यात असा गोळा आत येऊन पडला, पण फुटला नाही. कोलंबसचं घर खुशाल वगळा. मूळ घर १६८४ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात गेलं. आज दिसतं ते नंतर बांधलेलं.

भूक लागली की बंदरालगतच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली फारिनाता मागा. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच चुलत बहीण, फक्त भट्टीत भाजलेली. गरम असेल तरच घ्या.

पुढचं जुनं बंदर वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी १९९२ साली नव्याने मांडलं. तिथे सगळं सपाट, म्हणून ते मी संध्याकाळी थकल्यावर ठेवते. पाय उरलेच, तर प्रिन्चिपे स्टेशनजवळून मोन्तेगाल्लेत्तोची लिफ्ट पकडा. ती आधी रेल्वेसारखी आडवी धावते आणि मग सरळ वर चढते. त्या गंमतीसाठी मी दोनदा बसले.