घोड्याची पाणथरी उघडताना: कोणती रक्तवाहिनी कुठून कुठे जाते

सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली एक घोडी महिन्याभरात शहाद्याजवळच्या मळ्यात मेली. शेजारी बांधलेल्या घोड्याची लाथ तिच्या डाव्या अंगाला, मागच्या बरगड्यांवर बसली होती. मी पोचले तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक होत्या आणि नाडी बोटाला जेमतेम लागत होती. पहाटे ती गेली. मालक खूप वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते, मग म्हणाले, "काय व्हयनं ते देखी ल्या, ताई." पोट उघडलं तर आत रक्तच रक्त, आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा (स्प्लीन), खालच्या टोकाकडे फाटलेली.

सोबत इंटर्नशिपची दोन मुलं होती. पाणथरीची धमनी दाखवा म्हटल्यावर दोघांनीही पाणथरीत शिरून तिथेच संपणारी नळी दाखवली. ती तिथे संपत नाही. ऑपरेशनच्या वेळी सगळं त्यावरच अडतं, म्हणून ही वाट कशी शोधायची ते लिहून ठेवते.

सुरी हातात घेण्याआधी एक बघा. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल, तर उघडूच नका. अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडची फाशी, असू शकते. कानाच्या शिरेतून स्लाइड घ्या आणि निकाल येईपर्यंत थांबा.

घोडा उजव्या कुशीवर, म्हणजे डावी बाजू वर येईल असा झोपवा. शेवटच्या बरगडीमागे पोटाची भिंत कापा, मग मागच्या बरगड्या करवतीने काढा. भिंतीला चिकटून निळसर करडी पाणथरी दिसेल: विळ्यासारखी, साधारण हातभर लांब. रुंद बूड वर, डाव्या मूत्रपिंडाकडे; निमुळतं टोक पुढे आणि खाली. आकारावर जाऊ नका. तिच्यात स्नायू भरपूर असतो. घोडा पळाला किंवा बिचकला की ती आवळते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. शांत घोड्याचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 35-40 टक्के असेल, तर जोरात पळाल्यावर ते 60 च्या वर जातं. याउलट एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलं की ती सैल पडून फुगते.

आता मागची कड धरून पाणथरी हळूच पुढे उलटा. आतल्या बाजूला, पुढच्या कडेजवळ, वरपासून खालपर्यंत एक लांब खाच दिसेल. हेच हायलस. तिथून जठराकडे जाणारा पातळ पडदा म्हणजे गॅस्ट्रोस्प्लेनिक बंध. घाईत हा पडदा फाडला की पुढचं काहीच कळत नाही. आमच्या मुलांनी पहिला हात तिथेच घातला होता, मी मनगट धरून थांबवलं.

वाट मुळापासून पकडा. महाधमनी डायाफ्रॅममधून पोटात आली की लगेच तिच्यातून सीलिॲक धमनी निघते. तिच्या तीन फांद्या: एक जठराला, एक यकृताला, आणि सगळ्यात जाड ती पाणथरीला. ही जाड फांदी डावीकडे वळून बुडापाशी हायलसमध्ये उतरते आणि खाचेतून थेट टोकापर्यंत जाते. वाटेत एका बाजूने पाणथरीत फांद्या देते, दुसऱ्या बाजूने पडद्यातून जठराच्या मोठ्या वळणाला. टोकापाशी ती थांबत नाही. डावी गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनी या नावाने जठराच्या कडेने पुढे जाते. त्या दिवशी मी फाटलेल्या जागेच्या वरच्या अंगाला धमनीत कॅथेटर घातला, सिरिंजने लाल पोस्टर कलरचं पाणी हळूहळू सोडलं. जठराच्या कडेवर बारीक लाल रेघा उमटत गेल्या. मुलं गप्प झाली. चित्रात दहा वेळा बघून जे कळत नाही ते असं एकदा बघून कळतं.

म्हणून पाणथरी काढायची वेळ आली तर गाठी पाणथरीच्या अगदी जवळ मारायच्या. वर, मुळाकडे एकच गाठ मारून मोकळं होण्याचा मोह होतो, पण त्यात जठराच्या फांद्याही बांधल्या जाऊ शकतात. आधी धमनी बांधा, शीर नंतर. शीर धमनीला लागूनच जाते आणि पोर्टल शिरेला मिळते. ती उघडी असेपर्यंत पाणथरीतलं रक्त घोड्याच्या अंगात परत जातं. शीर आधी बांधली तर तेच रक्त आत कोंडतं, पाणथरी फुगून जड होते आणि उचलताना फाटते. शिरेची भिंत पातळ असते, चिमटा ओढू नका. शरीरात राहणाऱ्या बाजूला दोन गाठी, पाणथरीकडे एक, आणि मधे काप. ऑपरेशनसाठी आत शिरायचं ते डाव्या बाजूने, बहुधा मागची बरगडी काढून. छातीचं आवरण तिथे जवळच असतं, ते उघडलं तर फुप्फुसाभोवती हवा शिरते. भूल देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

बुडाजवळ हात वर सरकवा. डावं मूत्रपिंड आणि पाणथरी यांच्यामध्ये बंधाची फळी लागेल. या फळीवर मोठं आतडं चढून अडकलं की पोटशूळ उठतो. फेनिलेफ्रिनने पाणथरी आवळते आणि घोडा फिरवला की आतडं कधीकधी सुटतं. पण 15 वर्षांवरच्या घोड्याला हे औषध देताना फार जपा. अशा घोड्यांत जीवघेणा रक्तस्राव झालेला आहे.

पोटातलं पाणी सुईने काढताना मध्यरेषेच्या थोडं उजवीकडे टोचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डावीकडे टोचलं, गडद रक्त आलं, आणि आत रक्तस्राव आहे असं मालकाला सांगून बसले. सुई पाणथरीत गेली होती. घोडा दुसऱ्या दिवशी चारा खात होता आणि ते घर मात्र रात्रभर जागं होतं. तेव्हापासून असं रक्त आलं की त्याचं आणि मानेच्या शिरेतल्या रक्ताचं हिमॅटोक्रिट शेजारी शेजारी लावते. पोटातून आलेलं जास्त दाट असेल तर सुई पाणथरीत गेली असं धरते, आणि जागा बदलून पुन्हा टोचल्याशिवाय मालकाशी बोलत नाही.