मुलासाठी बचत: रक्कम छोटी, पण तारीख ठरलेली

महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकायचं ठरवलं तर बहुधा काहीच उरत नाही. म्हणून पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप जाईल अशी सोय करा. त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊच नका.

रक्कम ठरवताना सर्वांत तंगीचा महिना डोळ्यांसमोर ठेवा. झेपणार नाही असा हप्ता चार महिन्यांत बंद पडतो. पगार वाढला की हप्ताही वाढवा, नाहीतर महागाई त्याची किंमत खाते.

वेळ किती मोलाची, ते पाहा. वार्षिक ६ टक्के व्याज दरमहा जमा होत असेल, तर १८ वर्षांत भरलेल्या २१६ हप्त्यांचे सुमारे ३८७ हप्त्यांइतके पैसे होतात. पाच वर्षं उशिरा सुरुवात केली, तर जेमतेम २३५.

मात्र त्याआधी महागडं कर्ज फेडा आणि निदान एका महिन्याचा घरखर्च हाताशी ठेवा. तो नसला की पहिल्याच आजारपणात मुलाची ठेव मोडावी लागते, वर मुदतीआधी मोडल्याचा दंडही बसतो.