पिन मिळाला, आता पुढे? एनएचएसमध्ये नव्याने आलेल्या मराठी नर्सेससाठी

महाराष्ट्रातून इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आलेल्या नर्सचे पहिले काही महिने ऑस्कीतच, म्हणजे नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेतच, जातात. दहा स्टेशनं, बँड 4 चा पगार (बँड म्हणजे एनएचएसमधली पगाराची श्रेणी) आणि ड्युटीवरून आल्यावर खोलीत पुन्हा केअर प्लॅन लिहिण्याचा सराव. एकदाचा एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, पिन (नोंदणी क्रमांक) येतो, बँड 5 होतो आणि त्यानंतर तुमचं पुढे काय, हे विचारायला फारसं कोणी येत नाही. आपल्याकडे इन्चार्ज सिस्टर काम बघून मेट्रनच्या कानावर घालते आणि मुलगी आयसीयूत जाते. इथे त्या भरवशावर राहू नका. कामाला कितीही वाघ असलात, तरी स्वतः मागितलं नाही आणि कागदावर आणलं नाही, तर पाच वर्षांनीही त्याच वॉर्डात त्याच बँडवर असाल.

पहिला हक्काचा माणूस म्हणजे प्रिसेप्टर, नव्या नर्सला कामात रुळवणारी अनुभवी नर्स. एनएमसीने 2020 मध्ये प्रिसेप्टरशिपची तत्त्वं ठरवली, त्यात परदेशात शिकून आलेल्या नर्सेसही धरल्या आहेत. ही व्यवस्था साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. फसते ती एकाच ठिकाणी: तुम्ही लाँग डेला आणि प्रिसेप्टर नाईटला. ठरलेली भेट दोनदा रद्द होते, मग विषयच निघत नाही. त्यामुळे ऑफ-ड्युटी (ड्युट्यांचं वेळापत्रक) लागायच्या आधीच, ती करणाऱ्या सिस्टरला ईमेल करून महिन्यातल्या निदान दोन-तीन ड्युट्या प्रिसेप्टरबरोबर मागा. तोंडी सांगितलेलं हँडओव्हरच्या गडबडीत विसरलं जातं. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भेटीच्या तारखा पहिल्याच बैठकीत डायरीत घाला.

‘दहा वर्षं काम केलंय, मला कशाला प्रिसेप्टर’ हा विचार मात्र महाग पडतो. ससून किंवा केईएममध्ये रोज वीस-वीस आयव्ही लावलेल्या हातांनाही इथे ट्रस्टच्या (हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेच्या) सहीशिवाय कॅन्युलाला हात लावता येत नाही. राग येतो, साहजिक आहे. पण काही बिनसलं तर जबाबदारी ट्रस्टवर येते आणि ट्रस्ट तुमच्या नावापुढचा कागद बघतो. स्टडी डे, मग देखरेखीखाली प्रॅक्टिस, मग सही, असा क्रम असतो. जुन्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र प्रॅक्टिस डेव्हलपमेंट नर्सला (नर्सेसचं प्रशिक्षण बघणारी नर्स) दाखवून यातलं काही कमी होतं का, ते विचारा. आयव्ही औषधं, रक्त काढणं, कॅन्युला आणि कॅथेटर यांच्या सह्या पहिल्या वर्षात उरकून घ्या. पुढच्या अर्जांत हे मुद्दे विचारले जातातच.

प्रिसेप्टर वॉर्डचं काम शिकवतो. करिअरचा सल्ला देणारा मेंटॉर वेगळा असावा, आणि तो शक्यतो तुमच्या वॉर्डातला नसावा, कारण तुमची ड्युटी लावणाऱ्यालाच ‘मला इथून निघायचंय’ हे सांगणं अवघड जातं. तुम्हाला जिथे जायचंय तिथली बँड 6 किंवा 7 ची नर्स बघा. मनावर ताण असेल, एखादी घटना डोक्यातून जात नसेल, तर प्रोफेशनल नर्स ॲडव्होकेट, म्हणजे सहकाऱ्यांना आधार देण्याचं प्रशिक्षण घेतलेली नर्स, गाठा. ही भूमिका इंग्लंडमध्ये 2021 पासून आहे. छळ, भेदभाव किंवा पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन, म्हणजे अशा गोष्टी निर्धास्तपणे सांगता याव्यात म्हणून नेमलेली व्यक्ती. आपली माणसं हवीत तर ब्रिटिश इंडियन नर्सेस असोसिएशन आहे. मल्याळी नर्सेसचं जाळं तर कुठल्याही हॉस्पिटलात सापडतं. भाषेचा संकोच न धरता त्यांना विचारा, रस्ते त्यांना आपल्याआधीपासून माहीत आहेत.

मेंटॉरला विचारताना ‘प्लीज गाइड मी’ एवढंच लिहिलंत, तर समोरच्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. चार ओळी पुरतात: मी कोण आणि कुठल्या वॉर्डात, पिन कधी मिळाला, कुठे जायचा विचार आहे, आणि एकच नेमका प्रश्न. उदाहरणार्थ, ‘एंडोस्कोपीत बँड 6 साठी माझ्यात काय कमी आहे?’ वेळ तीस मिनिटांचाच मागा. भेट झाली की त्याच दिवशी ठरलेले दोन मुद्दे ईमेलने कळवा आणि तीन महिन्यांनी त्यांचं काय झालं ते सांगा. दुसरी भेट यातूनच मिळते. आणि पहिल्या नावाने हाक मारा. ‘मॅडम’ म्हटलं की समोरचीला अवघडल्यासारखं होतं.

दिशा ठरवण्याआधी त्या विभागात एक दिवस शॅडोइंग करा, म्हणजे तिथल्या नर्सबरोबर राहून काम बघा. वॉर्ड मॅनेजरकडे त्यासाठी स्टडी डे मागता येतो. थोडं गणितही मांडा. इंग्लंडमध्ये बँड 5 ला रात्री आणि शनिवारी 30 टक्के, रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी 60 टक्के जास्त मिळतात. सोमवार ते शुक्रवारच्या क्लिनिकमधली बँड 6 ची जागा घेतली की हे पैसे जातात, आणि हातात पडणारी रक्कम जवळपास तेवढीच राहू शकते. लहान मुलं असतील तर सौदा तरीही चांगला, पण घरी पैसे पाठवायचे असतील तर आधी हिशोब करा. कम्युनिटी नर्सिंगचा विचार असेल तर गाडी लागते. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच चालवता येतं, म्हणून प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स लवकर काढा. जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) झालेल्यांनी बीएस्सी टॉप-अपची (डिप्लोमावर पदवी मिळवून देणारा कोर्स) चौकशी पहिल्या वर्षीच करावी, वरच्या बँडच्या जागांना पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण मागतात.

बँड 6 चा अर्ज पडतो तो बहुतेकदा सपोर्टिंग इन्फर्मेशनमध्ये, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या भागात. पर्सन स्पेसिफिकेशनमधल्या (जागेसाठी लागणाऱ्या पात्रतेची यादी) प्रत्येक ‘इसेन्शियल’ मुद्द्याला एक स्वतंत्र परिच्छेद द्या, कारण शॉर्टलिस्ट करणारी व्यक्ती त्या यादीवर गुण देत जाते. ‘मी मेहनती आहे, टीममध्ये चांगलं काम करते’ याला गुण नाहीत. ‘न्यूज-2 स्कोअर 3 वरून 7 वर गेला, मी लगेच आउटरीच टीमला बोलावलं, डॉक्टरांना एसबारमध्ये सांगितलं, सेप्सिसचे उपचार सुरू झाले’ याला आहेत. (न्यूज-2 म्हणजे पेशंटची प्रकृती किती बिघडतेय ते दाखवणारा आकडा, आउटरीच म्हणजे गंभीर पेशंटसाठी वॉर्डात येणारी टीम, आणि एसबार म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सूचना या क्रमाने माहिती देण्याची पद्धत.) मुलाखतीतही ‘आम्ही केलं’ नको, ‘मी केलं’ म्हणा. हे आपल्याला बढाई वाटतं, पण तुमचा वाटा किती, हे पॅनेलला त्याशिवाय कळत नाही.

असे प्रसंग घडतील तसे लिहून ठेवा, पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही न घालता. तेच रिव्हॅलिडेशनलाही, म्हणजे एनएमसीची नोंदणी चालू ठेवण्यासाठीही, लागतात. दर तीन वर्षांनी 450 तासांचं काम, 35 तास सीपीडी, म्हणजे नोकरीत असतानाचं शिक्षण (त्यातले 20 इतरांबरोबर मिळून), पाच फीडबॅक आणि पाच रिफ्लेक्टिव्ह नोंदी. शेवटच्या महिन्यात हे जमवायला बसलेल्यांची धांदल दरवर्षी दिसते.

दुसऱ्या ट्रस्टमध्ये जागा मिळाली तर राजीनाम्याची घाई नको. आधी करारातली परतफेडीची अट (लवकर सोडल्यास ट्रस्टने केलेला खर्च परत देण्याची) वाचा. मग नव्या ट्रस्टचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याचं प्रायोजकपत्र) घेऊन व्हिसाचा अर्ज करा आणि त्यानंतरच नोटीस द्या. व्हिसाचा निर्णय हातात येईपर्यंत नव्या जागी एकही ड्युटी करू नका.