कारले खावे ते भाजी म्हणून

कारल्याने मधुमेह बरा होतो असे घरोघरी छातीठोकपणे सांगितले जाते, पण तसा पुरावा नाही. कारल्यातील काही घटकांमुळे रक्तातील साखर थोडीफार उतरते हे खरे. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील एका चाचणीत दररोज २००० मिलिग्रॅम वाळवलेल्या कारल्याचा परिणाम मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या १००० मिलिग्रॅमपेक्षा कमीच आढळला. म्हणून गोळ्या बंद करून कारल्यावर विसंबू नये. भाजी म्हणून मात्र ते गुणाचे आहे : १०० ग्रॅम कच्च्या कारल्यात सुमारे ८४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जेमतेम १७ कॅलरी असतात, शिवाय तंतू आणि फोलेटही मिळते.

भाजीसाठी हिरवीगार, कडक आणि कोवळ्या बियांची कारली निवडावीत. काचऱ्यांसाठी पातळ चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवल्यास कडूपणा उतरतो. मात्र सुटलेल्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जात असल्यामुळे त्या हलक्या हाताने पिळाव्यात. रक्तदाब असणाऱ्यांनी चकत्या नंतर धुऊन घ्याव्यात आणि भाजीत पुन्हा मीठ घालू नये. चिंच-गुळाच्या भाजीत मधुमेही व्यक्तीसाठी गूळ बेतानेच घालावा.

खरी काळजी घ्यायची ती रसाबाबत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना सकाळी उपाशीपोटी रस घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड किंवा चक्कर जाणवल्यास लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावे. लहान मुलांना रस देऊ नये. गरोदर स्त्रियांनी रस, चूर्ण आणि बिया कटाक्षाने टाळाव्यात आणि भाजीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असणाऱ्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी बियांतील विसीन या घटकामुळे फुटू शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रस आणि चूर्ण दोन आठवडे आधीच थांबवावे.

कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळण्याची पद्धत तर तातडीने सोडावी. दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो आणि त्याच्या रसाने मृत्यूही ओढवले आहेत. एरवी चव घेताच तो ओळखू येतो, पण कारल्याच्या कडूपणात ती खूण पूर्णपणे झाकली जाते.